घरातलं यंत्र म्हातारं कधी होतं?

मिरजेच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "माझा मिक्सर १२ वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यापासून बटण फिरवलं की आत घुर्र आवाज होतो, पण भांड्यातलं पातं फिरत नाही. दुकानदार म्हणतो, 'वहिनी, १२ वर्षं झाली, पैसे वसूल झाले. आता नवा घेऊन टाका.' आमच्या ह्यांचंही तेच मत. मला मात्र तो टाकवत नाही. मी चिकट आहे का?"

नाही हो ताई, चिकट कसल्या! तुम्हाला पडलेला प्रश्न आज घरोघरी पडतो आहे. आपल्या आज्यांच्या घरात यंत्रं नव्हती, पण वस्तू होत्या, आणि त्या वस्तूंची निगा ठरलेली होती. पाट्याला टाकी लावणारी दारावर यायची. पितळेच्या भांड्यांना कल्हई व्हायची. गादीचा कापूस पिंजून पुन्हा भरला जायचा. पाट्याची धार गेली म्हणून कुणी पाटा फेकून दिल्याचं ऐकिवात नाही. मग मिक्सरचं पातं फिरेना, की सगळा मिक्सरच टाकायचा, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं?

आज आपण तेवढंच पाहणार आहोत. घरातलं यंत्र किती वर्षं वापरावं, दुरुस्त कधी करावं, आणि हात जोडून निरोप कधी द्यावा. आणि हो, हे कुणी ठरवावं, तेही.

आयुष्य म्हणजे नेमकं किती?

"फ्रीजचं आयुष्य १० वर्षांचं" असं दुकानात सर्रास ऐकू येतं. हा आकडा अगदीच हवेतला नाही. ई-कचऱ्याचे २०१६ चे नियम झाले तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वस्तूंची सरासरी आयुष्यं कागदावर मांडली. फ्रीज १० वर्षं, वॉशिंग मशीन ९, टीव्ही ९, स्मार्टफोन ५. पण हे आकडे कशासाठी होते, ते दुकानदार सांगत नाही. कंपनीने विकलेला माल साधारण किती वर्षांनी कचऱ्यात येईल आणि तिने त्यातला किती परत गोळा करायचा, याचा अंदाज बांधण्यासाठी ते होते. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, तशी ही मुदत नव्हे. सरासरी ती सरासरीच. कुणाचा फ्रीज ७ वर्षांत मान टाकतो, कुणाचा २० वर्षं थंडगार पाणी पाजतो.

आयुष्य कधी कधी मुद्दाम आखूडही केलं जातं, हेही माहीत असू द्या. १९२४ साली जिनिव्हात विजेचे दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवलं. ज्या कंपनीचा बल्ब त्याहून फार जास्त चाले, तिला चक्क दंड! म्हणजे वस्तू टिकाऊ केली म्हणून शिक्षा. तेव्हा "हल्लीच्या वस्तू टिकतच नाहीत" असं आपण म्हणतो, त्यात दर वेळी दोष आपल्या वापराचाच असतो असं नाही.

उलट उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. माधुरी माथुर या गृहिणीचा परदेशी मिक्सर आपल्याकडच्या वाटणाघाटणापुढे टिकला नाही. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर. त्यांनी भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड यांना पुरून उरेल अशी मोटर घालून मिक्सर घडवला. १९६० च्या दशकात आलेला 'सुमीत' तो हाच. वस्तू कशी हवी हे ती वापरणाऱ्या बाईला विचारलं, की वस्तू टिकते.

आधी पाहा, बिघडलं काय?

पोट दुखतं म्हणून कुणी माणूस बदलत नाही. यंत्राचंही तसंच. बहुतेक वेळा सगळं यंत्र जात नाही, त्यातला एखादा भाग जातो. घरच्या घरी एवढं ओळखता आलं, तर दुरुस्तीवाला तुम्हाला उगाच घाबरवू शकणार नाही.

मिक्सर : मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, म्हणजे मोटर जिवंत आहे. आपण भांडं जिथे बसवतो तिथे दात असलेली एक रबरी किंवा प्लॅस्टिकची चकती असते. तिला कपलर म्हणतात. तिचे दात झिजले की हा प्रकार होतो. भांड्याच्या बुडाशीही तिचा जोडीदार असतो, तोही पाहावा. मिरजेच्या ताईंच्या मिक्सरचं दुखणं बहुधा हेच असावं. मिक्सरच्या मानाने या चकतीची किंमत अगदी किरकोळ. मिक्सर एकदम बंद पडला आणि आवाजही नाही, तर प्लग काढून तो उलटा करा. बुडाशी एक लहानसं, बहुधा लाल, बटण असतं. जादा ताण पडला की ते आपोआप बाहेर येतं आणि मोटर वाचवतं. १५-२० मिनिटं थांबून ते आत दाबलं की पुष्कळदा मिक्सर पुन्हा सुरू होतो. आतून ठिणग्या दिसत असतील, तर कार्बन झिजलेले असू शकतात. तेही बदलता येतात. मोटर जळून कुबट वास आला आणि तारा नव्याने भरायची वेळ आली, की मात्र खर्चाचा विचार करायला बसावं.

फ्रीज : थंडावा कमी झाला की लोक आधी गॅस संपला म्हणतात. त्याआधी दाराचं रबर तपासा. कागदाची एक पट्टी दारात अडकवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटून आली, तर रबर सैल झालं आहे आणि तिथूनच गारवा पळतो आहे. चारी बाजूंनी असं करून पाहावं. रबर मळलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून घेतल्यानेही फरक पडतो. मागची जाळी धुळीने माखली असेल तर प्लग काढून ती ब्रशने झाडावी आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. मागून येणारी उष्णता बाहेर पडायला वाट हवी. मोठा खर्च असतो तो कॉम्प्रेसरचा.

टीव्ही : आवाज येतो पण चित्र नाही, असं झालं की दुकानदार "पॅनेल गेलं" म्हणून मोकळा होतो. पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीइतकी, म्हणून आपण लगेच नवा घेतो. पण आधी एक करून पाहा. खोलीत अंधार करून चालू टीव्हीच्या पडद्यावर टॉर्चचा झोत तिरपा मारा. पुसटसं चित्र हलताना दिसलं, तर पॅनेल शाबूत आहे. मागचे लहान एलईडी दिवे किंवा त्यांना वीज पुरवणारा भाग गेला आहे. हे काम पॅनेलच्या मानाने खूपच स्वस्तात होतं. टीव्हीचा उजेड नेहमी पूर्ण ठेवू नये, म्हणजे हे दिवेही जास्त टिकतात. मात्र मागचं झाकण घरी कुणी उघडायचं नाही. जुन्या, पेटीसारख्या टीव्हीचं तर मुळीच नाही. प्लग काढल्यावरही आत विजेचा जोर शिल्लक असतो.

वॉशिंग मशीन : पाणी भरत नसेल, तर नळाकडून येणारी नळी मशीनला जिथे जोडतात तिथली बारीक जाळी काढून धुवावी. क्षाराच्या पाण्याने आणि गाळाने ती तुंबते. समोरून दार असलेल्या मशीनमधून पाणी जात नसेल, तर खालच्या कोपऱ्यातली गाळणी उघडून बघावी. नाणी, पिना, मुलांच्या खिशातले गोटे, काय वाटेल ते निघतं. आणि उंदीर! मशीन खालून उघडं असेल तर तिथे जाळी जरूर बसवून घ्यावी. कुरतडलेल्या तारांचा खर्च वॉरंटीत बसत नाही.

वर्षाचा भाव काढा

दुखणं कळलं, आता खर्च करायचा की नाही? यासाठी एक सोपा हिशेब आहे. भाजी आपण किलोच्या भावाने पारखतो, तशी वस्तू वर्षाच्या भावाने पारखावी.

समजा नवा मिक्सर ४,५०० रुपयांना पडतो आणि तो ९ वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाचा भाव ५०० रुपये. आता जुन्याच्या दुरुस्तीला ६०० रुपये सांगितले आणि त्यानंतर तो निदान २ वर्षं चालेल असं वाटतं. वर्षाला ३०० रुपये पडले. दुरुस्ती स्वस्त. पण मोटर भरायला १,५०० सांगितले आणि भांड्याची पातीही खिळखिळी, जेमतेम वर्षभर चालेल, तर तोच भाव १,५०० झाला. मग नवा बरा. म्हणजे "दुरुस्तीला किती लागतील?" एवढंच विचारू नये. "दुरुस्त केल्यावर किती दिवस चालेल आणि कामाची हमी किती महिन्यांची?" हेही विचारावं. जो कारागीर तीन-चार महिन्यांची हमी लिहून देतो आणि बदललेला जुना भाग न मागता हातात ठेवतो, तो धरून ठेवावा.

एक्स्चेंजच्या जाहिरातींनाही हाच हिशेब लावा. एक्स्चेंज म्हणजे नव्या काळातली बोहारीणच. दारातल्या बोहारणीशी आपण दोन साड्यांवर पातेलं आणि वर एक चमचा, अशी अर्धा तास घासाघीस करत होतो. मग मोठ्या काचेच्या दुकानात गेल्यावरच आपली जीभ का आखडते? आधी विचारावं, "जुनं न देता हीच वस्तू घेतली तर किती?" दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या जुन्या वस्तूची खरी किंमत. कित्येकदा ती इतकी थोडी निघते की वस्तू दुरुस्त करून गरजूला विकलेली परवडते.

विजेचं बिल काय म्हणतं?

जुनी वस्तू चालते आहे, म्हणून ती फुकट चालते असं नाही. फ्रीज तर रात्रंदिवस चालू. फ्रीजवर वर्षाला किती युनिट लागतील ते ताऱ्यांच्या लेबलावर छापलेलं असतं. हे लेबल आपल्याकडे २००६ साली सुरू झालं आणि आपोआप बर्फ वितळणाऱ्या फ्रीजना २०१० पासून सक्तीचं झालं. जुन्या फ्रीजवर लेबल नसेल, तर दिवसभर घर बंद ठेवून गावी जाल तेव्हा एक प्रयोग करा. फ्रीज सोडून सगळं बंद करा. निघताना मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि आल्यावर पुन्हा पाहा. २४ तासांना किती युनिट पडले ते काढा, रोजच्या उघडझापीचं थोडं वर धरा आणि ३६५ ने गुणा.

समजा जुना फ्रीज वर्षाला ५०० युनिट खातो आणि तेवढाच नवा २००. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ३,००० रुपये वाचले. नवा फ्रीज २४,००० चा, म्हणजे नुसत्या विजेच्या बचतीतून तो फिटायला ८ वर्षं लागतील. चांगल्या चालत्या फ्रीजसाठी एवढी घाई नको. पण त्याच जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला आणि ७-८ हजारांचा खर्च समोर आला, तर हिशेबाचं पारडं नव्याकडे झुकतं. इस्त्री किंवा मिक्सर दिवसातून थोडाच वेळ चालतो. तिथे विजेचा विचार करून वस्तू बदलण्यात अर्थ नाही.

काटकसर कुणाच्या मनगटावर?

इथवर वाचून काहीजणींना वाटेल, म्हणजे वस्तू जितकी जास्त वर्षं रेटावी तितकं चांगलं. थांबा. या हिशेबात एक रकाना आपण नेहमी कोरा सोडतो. तो आपल्या कष्टांचा.

जरा आठवून पाहा. मशीनचं पिळणं सहा महिने बंद आहे आणि चादरी हातांनी पिळल्या जातात. मिक्सरचं भांडं गळतं, म्हणून खाली फडकं ठेवून, एका हाताने झाकण आणि दुसऱ्या हाताने भांडं दाबून चटणी वाटली जाते. गीझर तापत नाही, म्हणून बादली गॅसवर. विचारलं तर घरातले म्हणतात, "चालतंय की!" चालतं खरं, पण कुणाच्या मनगटावर? यंत्र अर्धं काम करत असेल, तर उरलेलं अर्धं कुणीतरी करत असतं, आणि तिचे पैसे कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत.

आणि याच घरात बैठकीचा टीव्ही, तो चांगला चालत असताना, ३२ इंचाचा ४३ होतो आणि ४३ चा ५५. टीव्ही हौसेने बदलला जातो, मिक्सर मात्र जळल्याशिवाय बदलला जात नाही. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. ज्याला गैरसोय होत नाही, त्याला ती दिसत नाही, इतकंच. म्हणून ती दाखवावी लागते. चिडून नव्हे, आकडा मांडून. "मशीन बिघडल्यापासून रोजचा पाऊण तास जास्त जातो, आठवड्याचे पाच तासांहून अधिक झाले. दुरुस्तीला २,२०० सांगितलेत. येत्या रविवारी माणूस बोलावते आहे." परवानगी मागितल्यासारखं बोलायचंच नाही. जी वस्तू जी व्यक्ती रोज हाताळते, तिचा निर्णय त्या व्यक्तीचा. मिरजेच्या ताईंना माझं हेच सांगणं आहे. मिक्सर तुमच्या हाताखालचा आहे. त्याचं वय दुकानदाराने किंवा यजमानांनी नव्हे, तुम्ही ठरवा.

आणखी एक बाब, जिथे हिशेब करायचाच नाही. फ्रीजला, मशीनला किंवा गीझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, इस्त्रीची वायर उघडी पडली आहे, प्लग काळा पडला आहे, तर ती वस्तू त्याच क्षणी बंद. "जुनी आहे, थोडा करंट लागतोच" असं म्हणून ओल्या हातांनी काम करू नये. दर वेळी वस्तूच खराब असते असंही नाही. पुष्कळदा घराचं अर्थिंग गेलेलं असतं. वायरमन बोलावून ते तपासून घ्यावं.

मोबाइलची गोष्ट निराळी

मोबाइल वरून ठणठणीत दिसतो आणि आतून म्हातारा होतो. त्याची दोन वयं असतात. एक बॅटरीचं, दुसरं आतल्या प्रणालीचं.

बॅटरीचं वय तिच्यावर किती वेळा चार्जिंग झालं यावर आणि उष्णतेवर ठरतं. फोन शेगडीजवळच्या ओट्यावर ठेवू नये, उशीखाली चार्जिंगला लावू नये, रोज पार शून्यावर आणू नये. बॅटरी लवकर उतरू लागली की फोन न बदलता बॅटरी बदलता येते. १८,००० चा फोन ३ वर्षांत टाकला, तर वर्षाला ६,००० पडले. २,००० ची बॅटरी टाकून तोच आणखी २ वर्षं वापरला, तर २०,००० भागिले ५, म्हणजे वर्षाला ४,०००. मात्र फोनची पाठ फुगल्यासारखी दिसली, तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही. ती पेट घेऊ शकते.

दुसरं वय दिसत नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं. कंपनी काही वर्षं फोनला सुरक्षेचे अपडेट पाठवते, पुढे बंद करते. त्यानंतर फोन चालतो, पण दाराची कडी जुनी झाल्यासारखं होतं. चोरांना नव्या युक्त्या सापडत जातात आणि आपली कडी कुणी बदलत नाही. पुढे पुढे बँकेची आणि पैसे पाठवायची ॲपही त्यावर चालेनाशी होतात.

आता आपल्या घरातली पंगत पाहा. नवा फोन मुलाला. मुलाचा जुना त्याच्या बाबांना. बाबांचा आईला. आईचा सासूबाईंना. म्हणजे ज्या सासूबाईंचं पेन्शन बँकेत जमा होतं आणि ज्यांना 'केवायसी करा' म्हणून फसवे फोन येतात, त्यांच्याच हाती घरातला सगळ्यांत कच्च्या कडीचा फोन! जुना फोन खुशाल वापरा. भजनं ऐकायला, व्हिडिओवर नातवंडं बघायला तो छान आहे. पण ज्या फोनवर पैशांचा व्यवहार आहे, त्याला अपडेट येत असलेच पाहिजेत. फोनच्या सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. आज रात्रीच जेवणं झाल्यावर घरातले सगळे फोन एका ओळीत मांडा आणि ती तारीख पाहा. वर्ष-दीड वर्ष उलटून गेलं असेल, तर त्या फोनवरून बँक काढून टाका.

नवा घेताना कॅमेऱ्याआधी "अपडेट किती वर्षं?" हे विचारायला शिका. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या काही महाग फोनांना ७ वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झाला. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, निदान ५ वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत, आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के जोर राहिला पाहिजे.

आपल्याकडेही हालचाल झाली आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, सेवा केंद्रं, वॉरंटीच्या अटी तिथे एकत्र द्याव्यात, ही कल्पना. मे २०२५ मध्ये एका समितीने मोबाइल आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुण देण्याबाबत अहवाल दिला. फ्रीजवर विजेचे तारे, तसे दुरुस्तीचे गुण. फ्रान्समध्ये असे गुण २०२१ पासून दाखवले जाऊ लागले. आपण दुकानात विचारत राहू, तेव्हाच कंपन्या याची दखल घेतील.

कागद जपा

बिल, वॉरंटी कार्ड आणि दुरुस्तीच्या पावत्या एका पाकिटात. पाकिटावर वस्तूचं नाव आणि घेतल्याची तारीख. हल्लीची बिलं गुळगुळीत कागदावर छापलेली असतात आणि वर्षभरात कोरी होतात. म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवावा.

"१० वर्षांची वॉरंटी" ऐकून हुरळू नये. फ्रीजच्या बाबतीत ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस भरणं, माणसाची मजुरी, येण्याजाण्याचा आकार हे पुष्कळदा तुमच्याच माथी. घेतानाच "यात काय काय बसत नाही?" हे विचारून घ्यावं.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. बिल न देणं, किंवा सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. कित्येक तक्रारी तिथेच मिटतात.

निरोप द्यायची वेळ

सगळे हिशेब करूनही वस्तू निरुपयोगी ठरली, तर ती माळ्यावर चढवू नका. माळ्यावर पडून तिचे सुटे भागही वाया जातात आणि जुन्या बॅटऱ्या गळतात. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देतानाही विचार करा. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, त्याचा धूर वस्तीतल्या पोरांच्या छातीत जातो. पेटीच्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. फ्रीजची नळी कापली की गॅस हवेत सुटतो. सन २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचीच नीट विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. कंपनीने आपल्या मालाच्या प्रमाणात कचऱ्याचा पुनर्वापर करवून घ्यायचा आहे. म्हणून आधी कंपनीच्या सेवा केंद्राला किंवा नगरपालिकेला विचारावं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था असा माल गोळा करते. फोन किंवा कॉम्प्युटर देण्याआधी त्यातले फोटो उतरवून घ्या, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, मग फोन पार कोरा करा. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका.

सगळ्यात शेवटी, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवावेत असे चार प्रश्न :

१. नेमका कोणता भाग बिघडला आहे?
२. दुरुस्तीनंतर वर्षाचा भाव किती पडतो, आणि नव्याचा किती?
३. वीज किती खातं?
४. ते अर्धवट चालतं, तेव्हा उरलेलं काम कोण करतं?

पहिल्या तिन्हींची उत्तरं दुकानदार, मेकॅनिक आणि मीटर देतील. चौथ्याचं उत्तर फक्त तुमच्यापाशी आहे, आणि ते घरात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं आहे.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्याआधी कडधान्यांची साठवण.